हिंदुरावानं गाडी हलकी केली

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा थांबा. सूर नंतर धरू, आधी मला एक प्रश्न विचारायचाय.

आजवर तुम्ही कीर्तनं ऐकलीत किती? शंभर? दोनशे? या पुढच्या रांगेतल्या आजी तर हजारावर गेल्या असतील! आणि प्रत्येक बुवानं तुम्हाला एकच सांगितलं असणार — सोडा! ओझं टाका, हलके व्हा! सांगितलं ना? तुम्ही मान डोलावलीत, बुवाच्या पाया पडलात, प्रसाद घेतलात आणि घरी गेलात. पण एका तरी बुवानं हे सांगितलं का, की टाकायला सुरुवात कुठून करायची? पुढून, का मागून? आधी काय टाकायचं आणि कशाला हात लावायचा नाही? नाही सांगितलं! मीही सांगितलं नव्हतं. कारण मलाच ठाऊक नव्हतं! मला ते कळलं एका मोटार मेकॅनिककडून. तेव्हा आज पुराण बाजूला — आज गॅरेजचं आख्यान!

तर पंचगंगेच्या काठाला एक गाव. गावाबाहेर साखर कारखाना. आणि गावात हिंदुराव खोत! वय पंचावन्न, मिशी अशी की लिंबू ठेवा, पडणार नाही. धंदा म्हणाल तर ट्रॅक्टर दुरुस्तीचा. वर्षभर ट्रॅक्टरखाली झोपायचं, तोंडावर ऑइल गळू द्यायचं आणि "उद्या नक्की देतो" म्हणायचं. उद्या म्हणजे मेकॅनिकचा उद्या! तो कधी उगवतो हे ब्रह्मदेवालाही माहीत नाही.

पण या माणसाचा जीव कशात? शर्यतीत! गावचा देव बिरोबा. बिरोबाच्या यात्रेला पूर्वी बैलगाड्या पळायच्या, आता मोटारी पळतात. कारखान्याचा हंगाम संपला, की उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मैदान मोकळं होतं. तिथं ट्रॅक्टरचे जुने टायर रचून वळणं करतात. अकरा वळणं! एका वेळी एकच गाडी, गाडीत एकटाच माणूस, आणि हातात घड्याळ घेतलेले तीन पंच. जो कमी वेळात फेरी मारेल त्याचा फेटा. हिंदुराव बावीस वर्षं पळत होता. गाडी कुठली? जुनी पांढरी एस्टीम. वर्षातलं ते सव्वा मिनिट, मंडळी! बाकीचं वर्ष तो जगायचा, पण त्या सव्वा मिनिटात तो जिवंत असायचा. असतं एकेकाचं. तुमचं नाही? मग विचार करा, का नाही ते!

मग झालं काय? दोन वर्षं लागोपाठ हरला. हुपरीच्या एका चांदीवाल्यानं नवीकोरी गाडी आणली आणि फेटा नेला. दुसऱ्या वर्षी हरल्यावर देवळासमोर कुणीतरी टोमणा मारला — "हिंदुरावदादा, आता ट्रॅक्टरच पळवा!" झालं! कोल्हापूरकडचा माणूस, डोकं तापायला कितीसा वेळ! तडक गाभाऱ्यात गेला आणि भंडारा उचलला. आता हे बाहेरगावच्यांना सांगायला हवं. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती मुठीत घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे मागं घेता येत नाही. मेला तरी नाही! हिंदुराव सगळ्या गावासमोर म्हणाला, "फुडच्या यात्रेला हारलो, तर पुन्यांदा शर्यतीच्या गाडीत बसनार न्हाई. बिरुबाची आन!"

बोलून गेला. घरी आला. जेवताना त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि हातातला घास परत ताटात ठेवला. समोर बायको बसलेली. हौसाबाई. तिनं एवढंच विचारलं, "मूठ लई मोठी भरली व्हती का वं?"

अशी बायको, मंडळी! चिमटा काढते आणि वर भाकरीवर तूपही वाढते.

आता ऐका, इथून गंमत आहे. यात्रेला वीस दिवस राहिले आणि हिंदुरावानं विचार केला. इंजिन नवं घेणं होणार नाही. मग गाडी पळवायची कशी? तर हलकी करायची! बरोबरच आहे की. दप्तर पाठीवर घेऊन पळणारं पोर बघा आणि दप्तर फेकून पळणारं पोर बघा. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, लवकर वळते. इंजिन तेच, काम कमी. यात चूक काय? काही नाही! तुमच्या-माझ्या शास्त्रात तरी दुसरं काय सांगितलंय?

गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर नेली. उसाचे ट्रक मोजतात तो काटा. काट्यावरचा बापू आवळे याचा दोस्त. त्यानं आकडा वाचला, "आठशे पंच्याण्णव!" आणि हिंदुरावानं पाना हातात घेतला.

सगळ्यात आधी काय काढलं? मागची सीट! चार बोल्ट, दहा मिनिटं, गेली कोपऱ्यात. मग स्टेपनी. जॅक. डिकीतला गालिचा. मागचे स्पीकर. मागच्या दारांचे पुठ्ठे. मागच्या काचा काढून प्लास्टिकचे पत्रे लावले. गाडीच्या तळाला आवाज येऊ नये म्हणून डांबराचा थर असतो, तोही छिन्नीनं खरवडून काढला — दोन दिवस बसून! रोज काट्यावर गाडी न्यायची, बापू आकडा सांगायचा आणि हा मिशीत हसायचा. आठशे साठ... आठशे वीस... गावाला नाद लागला. चहाच्या टपरीवर पैजा — आज किती उतरली? एक म्हातारा म्हणाला, "हिंदुराव, मिशी काढ, पावशेर कमी हुईल!" त्याला म्हणाला, "आबा, मिशी गेली तर गाडीत कोन बसलंय तेच गावाला कळायचं न्हाई!"

शेवटी बापू ओरडला, "सातशे पासष्ट!" एकशे तीस किलो गेले, मंडळी! दोन माणसं उतरल्यासारखी. हिंदुरावाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर टायर रचले. बापूच्या हातात घड्याळ. आधी ही गाडी फेरी मारायची एक मिनिट बारा सेकंदात. चांदीवाल्याची मागच्या वर्षीची फेरी होती एक मिनिट दहाची. हिंदुरावानं गाडी सोडली — आणि काय सुटली म्हणता! सरळ रस्त्यावर नुसती वावटळ! बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. फेरी संपली. हिंदुरावानं मान बाहेर काढली, "किती?"

बापू घड्याळ हलवून बघत होता.

"अरं किती?"

"एक मिनिट चौदा."

सांगा आता! गाडी एकशे तीस किलोनं हलकी आणि दोन सेकंदांनी हळू! असं कसं? सरळ रस्त्यावर तर ती जास्त पळत होती, डोळ्यांनी दिसत होतं. मग ते दोन सेकंद गेले कुठं? कुणी खाल्ले? तबलेवाले, तुम्ही वेळेचे जाणकार, तुम्ही सांगा! ...हे हातोडीच शोधायला लागले.

हिंदुरावाला काय वाटलं असेल? तुम्हाला-मला वाटलं असतं तेच. अजून पुरेसं टाकलं नाही! उपास करून गुण येत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? पाणीही सोडतो. यानं ड्रिल मशीन घेतलं आणि डिकीच्या झाकणाला भोकं पाडली. मागच्या दारांना भोकं पाडली. लांबून बघावं तर गाडीला देवी आल्यासारखं दिसत होतं! पुन्हा फेरी — एक मिनिट पंधरा. अजून हळू!

आणि तिसऱ्या फेरीला, सातव्या वळणावर काय झालं... गाडीचं तोंड वळेना. स्टेअरिंग डावीकडं, गाडी सरळ! हिंदुरावानं घाबरून पाय उचलला, तशी मागची बाजू अशी फेकली गेली — गर्रकन! गाडी उलटी फिरली, टायरांचा ढीग उडवला आणि मागच्या मागं जाऊन घुसली कुठं? उसाच्या चिपाडाच्या ढिगाऱ्यात! वरून सगळं चिपाड धडाधडा अंगावर. देवाची दया, खरचटलंसुद्धा नाही. दार उघडून हिंदुराव बाहेर आला, मिशीत चिपाड, भुवयांत चिपाड. कुणालाच हसू आवरेना. पण त्याला हसू येत नव्हतं. यात्रेला चार दिवस राहिले होते. तो तिथंच खाली बसला आणि बापूला म्हणाला, "बापू, संपलं बग माजं."

पंचावन्न वर्षांचा गडी, डोळ्यात पाणी. खोटं कशाला सांगू, आलं होतं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेनं हौसाबाई आली. डोक्यावर भाकरीची पाटी. तीन किलोमीटर चालत! आता तुम्ही म्हणाल, चालत का? पूर्वी ती गाडीत बसूनच यायची की! हो, यायची. बावीस वर्षं सरावाच्या वेळी ती मागच्या सीटवर बसायची, डाव्या खिडकीशी. फेऱ्या मारताना सुद्धा! एका हातानं पदर धरायचा, दुसऱ्या हातानं पुढची सीट. आणि फेरी संपली की म्हणायची, "मागचं डावं चाक उडतंय वं." किंवा "आज बूड घसरतंय, हवा बगा." हिंदुराव "व्हय, व्हय" म्हणायचा, हवा बघायचा, आणि खरंच कमी निघायची. पण ते आपल्याला कुणी सांगतंय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. वाटायचं, आपल्यालाच कळतंय!

पंधरा दिवस ती चालत येत होती. काही बोलली नव्हती.

तिनं पाटी उतरवली, नवऱ्याच्या मिशीतलं चिपाड काढलं आणि गाडीकडं बघत म्हणाली, "जू मानंवर बसलंय."

"काय?"

"माजं वडील बैलगाडीनं ऊस वडायचं, ठावं हाय न्हवं? गाडी भरायची म्हंजे नुस्ता ऊस टाकायचा न्हाई. फुडं जादा भरला तर जू बैलाच्या मानंवर बसतंय. बैल मान वळवील कशी? मागं जादा भरला तर गाडी उलाळ हुती, जू वर उचलतंय, बैलाला फास बसतोय. तुमच्या गाडीचं जू मानंवर बसलंय. म्हून तोंड वळंना. अन् मागं कायच ऱ्हायलं न्हाई, म्हून बूड उडतंय."

हिंदुराव म्हणाला, "पर मी तर वजन कमी केलंय!"

"कुठलं?" ती म्हणाली. "फुडची दोन चाकं तेवढी काट्यावर घाला. मागची खाली ऱ्हाऊ द्या. बगू तरी."

आता बघा, पंधरा दिवस रोज काट्यावर जात होता. रोज! पण एकदाही कधी अर्धी गाडी मोजली नव्हती. कारण त्या काट्यावर उसाचा ट्रक अख्खाच उभा राहतो, म्हणून हाही अख्खीच उभी करत होता. गाडी ढकलत काट्यापाशी नेली. पुढची चाकं वर, मागची जमिनीवर. बापूनं वाचलं, "पाचशे पंचेचाळीस."

"अन् सगळी किती?" हौसाबाईनं विचारलं.

"भोकांनी काय जातंय! सातशे पासष्ट."

म्हणजे मागं राहिले किती? शाळेतली पोरं सांगतील — दोनशे वीस! गाडीचं तोंड मणामणांचं आणि बूड चिमणीएवढं! हिंदुरावाच्या डोक्यात लख्ख पडलं. जे जे काढलं ते सगळं मागचं! सीट मागची, स्पीकर मागचे, काचा मागच्या. पुढं हातच लावला नव्हता.

"फुडं काय काडू?" तो म्हणाला. "इंजिन काडू?"

हौसाबाईनं बोट केलं. कुठं? गाडीच्या पुढं. तिथं होता लोखंडी गार्ड. हिंदुरावानं बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं केलेला. जाड पाइप वाकवून, मधे सळया, आणि सळयांवर वेल्डिंगनं अक्षरं — हिंदुराव खोत! रंग दर दसऱ्याला नवा. गाडी काट्यावर नेताना रोज तो फडक्यानं पुसायचा. पंधरा दिवसांत मागचं डांबर खरवडून काढलं, आणि हा दिसला नाही! दिसला नाही म्हणजे... दिसत होताच हो! पण वजन म्हणून दिसला नाही.

"ते वजन न्हाई," हिंदुराव म्हणाला. "ती शोभा हाय."

हौसाबाई पाटी आणायला वळली. बापू काटा पुसायला लागला. मंडळी, अशा वेळी दुसरीकडं बघणारी माणसं भेटायला भाग्य लागतं.

हिंदुराव खाली बसला आणि फडक्यानं गार्ड पुन्हा एकदा पुसला. मग हिंदुराव उठला, गॅस कटर आणला, चष्मा लावला आणि स्वतःच्या नावापाशी ज्योत नेली. कापला! गार्ड काट्यावर ठेवला — पंचवीस किलो! आणि तोही गाडीच्या पार नाकावर. मग त्याला गंमत वाटायला लागली, अहो, खरीच गंमत! पुढची बॅटरी उचलून डिकीत नेली. वजन तेवढंच, नुसती जागा बदलली. हसतच म्हणाला, "हौसा, चल, एक फेरी मारू. मागं बस अन् सांग बूड कसं वाटतंय."

हौसाबाई गाडीपाशी गेली. मागचं दार उघडलं. आत बघितलं. नुसता पत्रा. खरवडलेला, भोकं पाडलेला.

"कुठं बसू?"

हिंदुरावाचं हसू गेलं.

मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न ऐका, मंडळी, कारण यासाठी मी एवढा वेळ तुमचं डोकं खाल्लंय. तिनं विचारलं, "मागं वजन पायजे म्हून बोलावताय, का मी पायजे म्हून?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? आपण काय, चटकन गोड बोललो असतो. हिंदुराव गोड बोलणारा नव्हता. पंधरा दिवस त्यानं एका माणसाची जागा कोपऱ्यात फेकून दिली होती, सगळ्यात आधी, पहिल्या दहा मिनिटांत — आणि ते त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. त्यानं खरवडलेल्या पत्र्यावर हात टेकला आणि म्हणाला,

"वजनाला मी उसाची मोळी बांदीन, हौसा. तू बस."

आणि गॅरेजमध्ये जाऊन, कोपऱ्यातनं सीट काढून, झटकून, पुसून, तीच आणून त्यानं परत बसवली. बोल्ट आवळताना मान वर केली नाही.

पुन्हा काटा. बापूनं वाचलं आणि खिडकीतून डोकंच बाहेर काढलं. "सातशे साठ!" अहो, पाचच किलोचा फरक! सीट परत आली आणि गार्ड गेला, हिशेब जवळजवळ तिथंच. पण पुढं आता पाचशे पाच, मागं दोनशे पंचावन्न. वजन तेवढंच, गाडी मात्र दुसरीच! हौसाबाई मागं बसली, पदर धरला, पुढची सीट धरली. तीन दिवस फेऱ्या. "डावं जरा मऊ हाय." हवा भरली. "आता उजवं." तेही केलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता सगळी चाकं एकदम बोलत्यात." बस्स!

यात्रेचा दिवस. चांदीवाल्याची फेरी झाली — एक मिनिट नऊ आणि आठ दशांश. हिंदुरावाची पाळी. त्याची गाडी बघायला माणसं वाकली. काय काय काढलं? नाकावर गार्ड नाही! आणि मागं बघतात तर सीट! चांदीवाल्याचा मेकॅनिक, भला माणूस, मनापासून म्हणाला, "दादा, हे काढायचं राहिलं वाटतं. चार बोल्टांचं काम आहे, देऊ का पाना?"

हिंदुराव म्हणाला, "ती जागा हाय."

नियम एकट्याचा. हौसाबाई दोराच्या बाहेर उभी राहिली, मुठीत पदर धरून, जणू आतच बसलीय. झेंडा पडला. सरळ रस्त्यावर काही वावटळ नव्हती, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पण वळण आलं, की गाडीचं तोंड अलगद वळायचं आणि बूड मुकाट मागून यायचं. सातवं वळण आलं, हौसाबाईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी आठव्यात होती.

तीन पंच, तीन घड्याळं, आणि आकडा एकच. एक मिनिट नऊ आणि दोन दशांश!

फेटा आला. हिंदुरावानं तो हौसाबाईच्या डोक्यावर ठेवला, तिनं लाजून काढला आणि सगळं गाव हसलं. संपलं आख्यान.

पण आपलं कुठं संपलंय? आपण सगळे हलके व्हायला निघालेलो. काटकसर करायची — आधी काय बंद केलं? वडिलांचं वर्तमानपत्र! वेळ वाचवायचा — आधी कुणाचा फोन घेणं सोडलं? बहिणीचा! मी स्वतः व्रत धरलं, मीठ सोडलं, लोकांनी वाहवा केली. आणि माझी बायको आठ वर्षं दोन वेळा दोन-दोन भाज्या करत होती, हे मला हिंदुराव भेटेपर्यंत दिसलं नाही. त्याग माझा, हात तिचे! आणि माझ्या नावाची ती 'हरिभक्तपरायण' पाटी? ती अजून पुढंच लावलेली आहे. खोटं बोलत नाही, परवाच रंगवून आणली.

आणि तुम्ही? मी येताना तुमचं गाव बघत आलो. नवी घरं बांधलीत, छान बांधलीत. दिवाणखाना ऐसपैस, मोकळा. अडगळ काही ठेवली नाहीत. पण तीन घरांच्या ओसरीत मला खाट दिसली. खाटेवर म्हातारं माणूस दिसलं. आत जागा करायची होती, तेव्हा सगळ्यात आधी काय हललं हो? नावं घेत नाही. घेऊ का? नको.

आता खरं म्हणजे मी टाळ उचलायचा आणि तुम्ही सगळ्यांनी जागेवरून गजर करायचा. पण आज गजर मी एकटाच करतो. माझं काही अडत नाही. ज्यांची खाट बाहेर आहे, त्यांनी उठा — आत्ता, कीर्तन चालू असताना उठलात तरी पाप लागणार नाही, माझा शब्द — घरी जा, आणि ती आत घ्या.

विठ्ठल... विठ्ठल... जा हो, मी आहे इथंच. विठ्ठल...